वाक्यरूपांतराचा प्रश्न आणि जबलपूरचा त्रिभाषिक विद्यार्थी

शालान्त परीक्षेच्या इंग्रजी प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न कित्येक दशके ठाण मांडून बसलेला आहे. ‘डू ॲज डायरेक्टेड’, म्हणजे सांगितल्याप्रमाणे करा, असे त्याचे शीर्षक असते. खाली पाच-दहा सुटी वाक्ये दिलेली असतात आणि प्रत्येक वाक्यापुढे एक आज्ञा असते : ‘टू’ हा शब्द गाळा, ‘अनलेस’ वापरा, ‘नो सूनर’ने आरंभ करा, प्रयोग बदला, अप्रत्यक्ष कथन करा. या सर्व आज्ञांच्या मुळाशी एकच अट असते. ती कधी छापलेली असते, कधी नुसती गृहीत धरलेली असते. वाक्य बदलावे, अर्थ बदलू नये. हमखास गुण मिळवून देणारा प्रश्न म्हणून शिक्षक त्याची तयारी करून घेतात, विद्यार्थी नियमांचे तक्ते पाठ करतात, आणि साहित्याचे अभ्यासक त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. वास्तविक भाषा आणि अर्थ यांच्या संबंधाविषयीचे एक मोठे गृहीतक या क्षुल्लक दिसणाऱ्या प्रश्नात दडलेले आहे : अर्थ वाक्यापासून वेगळा काढता येतो आणि दुसऱ्या वाक्यात जसाच्या तसा ठेवता येतो. घरी मराठी, शाळेत हिंदी आणि परीक्षेत इंग्रजी अशा तीन भाषांत वावरणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती हे गृहीतक पडले म्हणजे त्याचे काय होते, हे पाहण्यास जबलपूर हे फार सोयीचे ठिकाण आहे.

जबलपूर १७९८ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे आले आणि १८१७ च्या डिसेंबरात इंग्रजांच्या ताब्यात गेले. १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला. तेव्हापासून १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हे हिंदीभाषक शहर आणि मराठीभाषक नागपूर एकाच कारभाराखाली होते, आणि राजधानी नागपूर होती. कचेऱ्या, न्यायालये, रेल्वे, शाळा आणि कारखाने यांच्या निमित्ताने आलेली मराठी कुटुंबे येथे स्थिरावली व दोन-तीन पिढ्यांत हिंदीतही तितक्याच सहजतेने बोलू लागली. सागरचे शासकीय महाविद्यालय १८७३ मध्ये जबलपुरास आले. तेच पुढे रॉबर्टसन कॉलेज म्हणून ओळखले गेले. अलाहाबादला विद्यापीठ झाले १८८७ मध्ये, नागपूरला १९२३ मध्ये, खुद्द जबलपुरास १९५६ मध्ये. परीक्षा घेणारी सत्ता अशी बदलत गेली, पण वाक्यरूपांतराचा प्रश्न मात्र आपल्या जागी राहिला.

हा प्रश्न ज्या ग्रंथांनी रुजवला त्यांचे कर्ते हिंदुस्थानातील शिक्षणखात्यातच नोकरीस होते, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. जे. सी. नेसफील्ड हे वायव्य प्रांत आणि अवध येथील शिक्षणखात्यात होते. त्यांच्या व्याकरणमालेने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून उत्तर हिंदुस्थानातील वर्ग व्यापले. त्यांच्यानंतर मान मिळाला तो पी. सी. रेन आणि एच. मार्टिन यांच्या व्याकरणास. यांतील रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात होते. ‘बो जेस्ट’ ही १९२४ ची लोकप्रिय साहसकादंबरी याच गृहस्थांची, हे त्यांचे व्याकरण घोकणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. या ग्रंथांत वाक्यरूपांतराला स्वतंत्र प्रकरण आहे आणि सारा व्यवहार इंग्रजीतल्या इंग्रजीत चालतो. विद्यार्थ्याच्या घरची भाषा तेथे नसतेच.

मराठी घरांतून याच्या शेजारी दुसरे एक पुस्तक असे, ते म्हणजे तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. तिची रीत अगदी निराळी होती. मराठी वाक्य द्यावे, त्याचे इंग्रजी करावे. इंग्रजी द्यावे, त्याचे मराठी करावे. पुढील काळातील शिक्षणशास्त्रज्ञांनी या रीतीला जुनाट ठरवले. तथापि एक गोष्ट तिच्या बाजूने नोंदली पाहिजे : ती दोन्ही भाषा विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर ठेवत असे. रेन-मार्टिनच्या रूपांतरात एक भाषा झाकली जाते, पण झाकली म्हणून ती काम करायची थांबत नाही. किंबहुना मराठी वा हिंदी विद्यार्थ्याने केलेले इंग्रजी वाक्यरूपांतर हे पुष्कळदा आडवाटेने केलेले भाषांतरच असते. दिलेल्या दोन इंग्रजी रचनांपैकी एक बहुधा त्याच्या घरच्या रचनेजवळ असते आणि दुसरी दूर. जवळची रचना तो समजून लिहितो, दूरची नियमाने लिहितो, आणि त्याच्या चुका नेमक्या या दोहोंमधल्या वाटेवर पडलेल्या सापडतात.

‘द टी इज टू हॉट टु ड्रिंक’ हे वाक्य घेऊ. ‘टू’ गाळून याचे ‘द टी इज सो हॉट दॅट वन कॅनॉट ड्रिंक इट’ असे होते. मराठीत ‘चहा इतका गरम आहे की पिता येत नाही’ ही रचना दुसऱ्या इंग्रजी वाक्याच्या घरची आहे. पहिल्या वाक्यातील ‘टू’मध्ये नकार गुप्त आहे, मराठी ‘फार’ किंवा हिंदी ‘बहुत’ यांत तो नाही. म्हणूनच कोणी मनापासून प्रशंसा करताना ‘टू गुड’ म्हणतो तेव्हा त्याला ‘फार चांगला’ एवढेच म्हणायचे असते. रूपांतर करताना विद्यार्थ्यास गुप्त नकार उघड करावा लागतो आणि तो त्याला सहज साधतो, कारण त्याच्या भाषेत नकार उघडच असतो. तो अडतो पुढे. ‘पिता येत नाही’ येथे मराठीला कर्माचे सर्वनाम लागत नाही. इंग्रजीला शेवटचे ‘इट’ लागते. ते ‘इट’ गाळले की गुण जातो. परीक्षक त्यास निष्काळजीपणा समजतो. वस्तुतः विद्यार्थ्याने मराठी वाक्य मोठ्या काळजीने इंग्रजीत उतरवलेले असते.

‘अनलेस’ आणि ‘अनटिल’ यांची कथा याहून बोधक आहे. ‘तो येईपर्यंत थांबा’ असे मनात धरून लिहिणारा विद्यार्थी बिनचूक इंग्रजी लिहितो. ‘जोपर्यंत तो येत नाही तोपर्यंत थांबा’ असे मनात आले, की त्यातील ‘नाही’ इंग्रजीत उतरते आणि ‘वेट अनटिल ही डज नॉट कम’ हे सर्वपरिचित भारतीय वाक्य जन्म घेते. हिंदीत ‘जब तक वह न आए’ ही रचना अधिक रूढ असल्यामुळे हिंदीतून विचार करणाऱ्यास हा धोका जास्त. मराठीपाशी मात्र दोन्ही वाटा आहेत. धातुसाधिताची वाट त्याला वाचवते, संबंधी सर्वनामाची वाट गोत्यात आणते. तीच गोष्ट ‘अनलेस’ची : ‘अभ्यास केल्याशिवाय’ हे मनात असेल तर उत्तर बरोबर येते, ‘जर अभ्यास केला नाहीस तर’ असे असेल तर ‘अनलेस यू डू नॉट’ अशी नकाराची पुनरुक्ती होते. दोन मुलांपैकी एकाला गुण मिळतो, दुसऱ्याला मिळत नाही. पण इंग्रजीचे ज्ञान दोघांचे सारखेच असू शकते. फरक मराठीच्या दोन रचनांमधला असतो, आणि इंग्रजी व्याकरणाच्या कोणत्याही तक्त्यात तो सापडणार नाही.

कधी कधी भाषा अनपेक्षितपणे एकमेकींना भेटतात. ‘नो सूनर’ची रचना मुलांना विचित्र वाटते, क्रियापद कर्त्याच्या आधी आणावे लागते, पुढे ‘दॅन’च योजावे लागते, आणि मुळात येथे ‘नो’ कशासाठी, हे कळत नाही. पण ‘गाडी फलाटावर येते न येते तोच’ या मराठी रचनेतही तसाच ‘न’ आहे आणि तोही नकारार्थी नाही. दोन्ही भाषांनी दोन घटनांमधील अंतर नाहीसे करण्यासाठी नकाराचा आश्रय घेतलेला आहे. हे दाखवून देणारा शिक्षक विद्यार्थ्याची निम्मी भीती घालवतो. तुलनेच्या तीन पायऱ्यांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. मराठीत विशेषणाला प्रत्यय लागत नाही. संस्कृतातून आलेले ‘तर’ आणि ‘तम’ हे प्रत्यय ग्रांथिक शब्दांपुरते उरले आहेत. एक सूक्ष्म गोष्ट तेवढी सांगण्याजोगी आहे. ‘द नर्मदा इज वन ऑफ द लाँगेस्ट रिव्हर्स इन इंडिया’ याचे ‘व्हेरी फ्यू रिव्हर्स इन इंडिया आर ॲज लाँग ॲज द नर्मदा’ हे रूपांतर पुस्तके निःशंकपणे देतात. पहिल्या वाक्यात नर्मदेला लांब नद्यांच्या पंक्तीत बसवले आहे, दुसऱ्यात इतर नद्या मोजून बाजूला सारल्या आहेत. दोन्ही वाक्ये खरी असतील; पण ती एकच गोष्ट सांगतात असे म्हणण्यास धाडस लागते.

अप्रत्यक्ष कथन हा या प्रश्नाचा सर्वांत दुर्घट भाग मानला जातो, आणि ते साहजिक आहे. इंग्रजीत तेथे सर्वनाम, काळ आणि कालवाचक क्रियाविशेषण ही तिन्ही एकदम बदलतात : ‘आय विल कम टुमॉरो’ याचे ‘शी सेड दॅट शी वुड कम द नेक्स्ट डे’ होते. मराठीत ‘मी उद्या येईन असे ती म्हणाली’ किंवा ‘ती म्हणाली की मी उद्या येईन’ एवढ्याने काम भागते. ‘मी’, ‘उद्या’ आणि भविष्यकाळ तिन्ही जागच्या जागी राहतात. हिंदीची रीतही हीच. त्यामुळे मराठी-हिंदी विद्यार्थ्याला काळ मागे सरकवण्याचे प्रयोजनच जाणवत नाही. तो नियम म्हणून ते करतो आणि चारातून एकदा विसरतो. मात्र इंग्रजीपाशी नसलेले एक साधन मराठीपाशी आहे. ‘आपण उद्या येऊ असे ती म्हणाली’ या वाक्यातील ‘आपण’ बोलणारणीकडेच निर्देश करते. इंग्रजी वाक्यातले दुसरे ‘शी’ तीच स्त्री की आणखी कोणी, हे वाक्यावरून ठरत नाही; मराठीत ते ठरते. हिंदीत सामान्यतः ‘मैं’ किंवा ‘वह’ यांतून निवड करावी लागते. मराठी कथा-कादंबरीत पात्राच्या मनातील विचार निवेदकाच्या वाक्यात मिसळतात ते याच ‘आपण’च्या आधारे : ‘आपण चुकलो हे त्याला कळले’. अशा वाक्याचे इंग्रजी करताना ‘ही’ घालावे लागते आणि पात्राच्या आतून आलेला सूर बाहेरून ऐकू येऊ लागतो. मराठी कादंबऱ्यांच्या इंग्रजी अनुवादांचा विचार करणाऱ्यांनी या एका सर्वनामाकडे अधिक लक्ष द्यायला हवे.

प्रयोगपरिवर्तनाची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. कर्तरीचे कर्मणी करण्याचा व्यायाम हिंदुस्थानाला नवा नव्हता. संस्कृत शिकणारा विद्यार्थी ‘रामः फलं खादति’ याचे ‘रामेण फलं खाद्यते’ असे वाच्यपरिवर्तन करीतच आला आहे. इंग्रजी ‘व्हॉइस’ शिकवताना मराठी शिक्षकाने ‘ॲक्टिव्ह’ला कर्तरी आणि ‘पॅसिव्ह’ला कर्मणी म्हटले ते या परिचयाच्या बळावर. आणि घोटाळा तेथेच झाला. ‘राम आंबा खातो’ हा कर्तरी प्रयोग. ‘रामाने आंबा खाल्ला’ हा कर्मणी, कारण क्रियापद आंब्याच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. पण या दुसऱ्या वाक्यात बोलणाऱ्याने दृष्टी कर्त्यावरून काढून कर्माकडे वळवली आहे काय? मुळीच नाही. केवळ भूतकाळ आला म्हणून क्रियापदाची संगती बदलली. ‘कर्मणी म्हणजे पॅसिव्ह’ हे पाठ केलेला मुलगा ‘रामाने आंबा खाल्ला’ याचे इंग्रजी करताना ‘द मँगो वॉज ईटन बाय राम’ असे लिहितो, आणि आपण व्याकरणाला धरूनच लिहिले असे त्याला वाटते. दिलेल्या व्याकरणाला धरून त्याने लिहिलेलेही असते.

या घोटाळ्याची उकल ज्या ग्रंथात झाली त्याचा कर्ता जबलपूरचा होता. कामताप्रसाद गुरु यांचा जन्म १८७५ मध्ये सागर येथे झाला. जबलपुरात त्यांनी अध्यापन केले आणि १९४७ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. काशीच्या नागरीप्रचारिणी सभेसाठी त्यांनी लिहिलेले ‘हिंदी व्याकरण’ १९२० चे. त्याची मांडणी बव्हंशी इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर आहे, हे गुरुंनी लपवले नाही. आणि मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ या १९११ च्या ग्रंथाचे ऋणही त्यांनी मोकळेपणाने मानले. कवी केशवसुतांचे बंधू असलेल्या दामल्यांचा हा ग्रंथ मराठीतही पाश्चात्त्य आणि भारतीय व्याकरणविचारांच्या संगमावर उभा आहे. इंग्रजीतून मराठीकडे आणि मराठीतून हिंदीकडे असा विचारांचा ओघ येथे स्पष्ट दिसतो. भारतीय भाषांच्या परस्परसंबंधांची चर्चा करताना कथा-कवितांच्या अनुवादांची नोंद होते; व्याकरणाच्या या देवघेवीची फारशी होत नाही.

गुरुंनी ‘वाच्य’ आणि ‘प्रयोग’ या दोन संज्ञा वेगळ्या केल्या. क्रियापद कोणाविषयी विधान करते हे वाच्यावरून कळते; ते लिंग-वचन-पुरुषांत कोणाच्या मागे जाते हे प्रयोगावरून. यामुळे ‘लड़के ने रोटी खाई’ या वाक्याचे वर्णन कर्तृवाच्य कर्मणिप्रयोग असे करता येते, आणि ‘रोटी खाई गई’ याचे कर्मवाच्य कर्मणिप्रयोग असे. संगती दोन्हीकडे कर्माशीच आहे, दृष्टी मात्र भिन्न. इंग्रजी ‘पॅसिव्ह’ला जुळते ते दुसरे. मराठीच्या शालेय व्याकरणांनी ‘प्रयोग’ या एकाच संज्ञेवर दोन्ही कामे सोपवली, त्यामुळे कर्मणीचे उपप्रकार वाढत गेले : शक्य कर्मणी, समापन कर्मणी, पुराण कर्मणी आणि नवीन कर्मणी. कृ. श्री. अर्जुनवाडकर यांच्या ‘मराठी व्याकरण : वाद आणि प्रवाद’ या १९८७ च्या ग्रंथानंतर प्रयोगविचाराची ही जुनी चौकट निःशंकपणे वापरणे कठीण झाले आहे, शाळेत मात्र ती टिकून आहे. जबलपूरच्या हिंदी शाळेत वाच्य शिकलेला मराठी मुलगा या बाबतीत पुण्याच्या मुलापेक्षा सुदैवी म्हटला पाहिजे.

यांतील ‘नवीन कर्मणी’ हे नाव थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. ‘रावण रामाकडून मारला गेला’ हे त्याचे ठरलेले उदाहरण, आणि ही रचना इंग्रजीच्या वळणाने आली हे व्याकरणेच सांगतात. म्हणजे परीक्षेतील रूपांतराचा व्यायाम मराठीच्या अंगात शिरला आणि मराठी व्याकरणाने त्याला नाव देऊन घरात घेतले. येथे थोडे तारतम्य हवे. ‘लढाईत मारला गेला’, ‘वाटेत लुटला गेला’ या रचना मराठीला परक्या नाहीत. तेथे मारणारा वा लुटणारा सांगायचा नसतो. परके आहे ते कर्ता जागेवरून उठवून पुन्हा ‘कडून’ लावून आणून बसवणे. इंग्रजी रूपांतरात ‘बाय’ लिहिल्याशिवाय उत्तर पुरे होत नाही, म्हणून मराठीतही ‘कडून’ आले. हिंदीत ‘द्वारा’ने तेच केले. कचेरीच्या मराठीतील ‘निर्णय घेण्यात आला आहे’, ‘कारवाई करण्यात येईल’ ही वळणेही इंग्रजी मसुद्यांच्या छायेत फोफावली असे मानण्यास जागा आहे. पण तेथे कर्ता लपवण्याची सोय हेही एक कारण असावे आणि त्याचा दोष रेन-मार्टिनवर ढकलता येणार नाही.

रूपांतराने अर्थ बदलत नाही, हे गृहीतक पुढे भाषाविज्ञानातही आले. नोम चॉम्स्की यांच्या १९५७ च्या ग्रंथाने ‘ट्रान्स्फॉर्मेशन’ हा शब्द वेगळ्या, काटेकोर अर्थाने प्रतिष्ठित केला. १९६४ मध्ये कॅट्झ आणि पोस्टल यांनी रूपांतरे अर्थास धक्का लावत नाहीत हा सिद्धान्त मांडला. परंतु संख्यावाचक शब्द असलेल्या वाक्यांत कर्तरी आणि कर्मणी समानार्थी राहतातच असे नाही, याकडे चॉम्स्की यांनी १९५७ मध्येच लक्ष वेधले होते. ‘एव्हरी बॉय हॅज रेड थ्री बुक्स’ या वाक्यात प्रत्येक मुलाने कोणतीही तीन पुस्तके वाचली असतील. ‘थ्री बुक्स हॅव बीन रेड बाय एव्हरी बॉय’ म्हटले की तीच तीन पुस्तके सर्वांनी वाचली असे वाटू लागते. परीक्षेत दोन्ही वाक्ये एकमेकांची बिनचूक उत्तरे ठरतात.

हैदराबादची केंद्रीय इंग्रजी संस्था १९५८ मध्ये स्थापन झाली, तेव्हापासून सुट्या नियमांपेक्षा वाक्यरचनांच्या सरावावर भर आला. १९७९ पासून एन. एस. प्रभू यांनी दक्षिणेत केलेल्या प्रयोगात व्याकरणाचा उघड सरावच बाजूस ठेवून वर्गात कामे आणि कोडी सोडवून घेतली गेली. केंब्रिजच्या परीक्षांत दिलेला शब्द वापरून वाक्य नव्याने लिहिण्याचा प्रश्न रूढ आहे, म्हणजे हा व्यायाम केवळ वसाहतीचा अवशेष आहे असेही म्हणता येत नाही. त्याचा गुण निर्विवाद आहे. एकच गोष्ट चार प्रकारे म्हणता येते हे ज्याला कळले त्याला लिहिता येऊ लागते. त्याचा दोष एवढाच की, चार प्रकारांतून काय निसटते हे तो कधी विचारत नाही.

जबलपूरच्या मराठी घरातील आजी एखाद्या दुःखद प्रसंगी ‘माझ्याच्याने हे बघवत नाही’ म्हणते. शेजारीण तेच ‘मुझसे यह देखा नहीं जाता’ असे म्हणते. मराठी व्याकरण यास शक्य कर्मणी म्हणेल, गुरुंचे हिंदी व्याकरण कर्मवाच्य म्हणेल. राजेश्वरी पंढरीपांडे यांनी १९८१ मध्ये इलिनॉय विद्यापीठास सादर केलेल्या प्रबंधात दक्षिण आशियाई भाषांतील कर्मवाच्याचा जो अभ्यास केला, त्यात क्षमतादर्शक अर्थाला महत्त्वाचे स्थान आहे. आता हे वाक्य परीक्षेच्या रीतीने हाताळायचे तर ‘दिस इज नॉट सीन बाय मी’ असे होईल. व्याकरणदृष्ट्या त्यात खोट काढता येणार नाही आणि प्रयोगही कर्मणीच आहे. त्याचा अर्थ मात्र ‘हे माझ्या दृष्टीस पडत नाही’ असा होतो. आजी डोळे मिटून बसलेली असते ती दिसते म्हणून. जवळचे इंग्रजी वाक्य ‘आय कॅनॉट बेअर टु सी धिस’ हे. त्यात कर्मणीचा लवलेश नाही, आणि ‘प्रयोग बदला’ या आज्ञेखाली त्याला शून्य गुण पडतील.